भावाचा 'एएस' रिपोर्ट आणि ठरलेलं लग्न: आनुवंशिकतेचं गणित नेमकं कसं वाचायचं

ताई, आधी थेट उत्तर देते, कारणं नंतर. लग्न मोडू नका. पण मुलीच्या रक्ताची एचपीएलसी तपासणी (रक्तात हिमोग्लोबिनचे कोणते प्रकार किती आहेत ते दाखवणारी) हातात आल्याशिवाय तारीखही धरू नका.

तुम्ही लिहिलंय ते असं: भावाचं लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी ठरलंय. शिबिरात त्याचं रक्त तपासलं आणि रिपोर्टवर 'एएस पॅटर्न' आलं, म्हणजे तो सिकलसेलचा (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक आहे. तो दिवसभर शेतात राबतो, त्याला काही त्रास नाही. घरात आजवर सिकलसेलचा एकही पेशंट झालेला नाही. आत्या म्हणते हे आईच्या माहेराकडून आलं, मामा म्हणतात वडिलांकडून. शाळेत प्रभावी-अप्रभावी पाठ केलं होतं, पण रिपोर्ट वाचताना त्याचा काही उपयोग होत नाही. आणि मुलीकडच्यांना सांगायचं की नाही, यावर घरात दोन तट पडलेत.

मी विदर्भात बरीच वर्षं सिकलसेलच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांच्या समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न माझ्याकडे जवळपास याच शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. लोक एका माणसाचा रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, 'याला मुलं कशी होतील?' एका रिपोर्टवरून ते सांगताच येत नाही. वारशाचं गणित जोडीचं असतं.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक वडिलांकडून. जनुकं या गुणसूत्रांवर आपापल्या ठरलेल्या जागी असतात, म्हणून जवळपास प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एकाच जनुकाची रचना माणसामाणसांत किंचित वेगळी असू शकते. अशा वेगवेगळ्या रूपांना ॲलील म्हणतात. दोन्ही प्रती सारख्या असतील तर ती व्यक्ती त्या जनुकाबाबत समयुग्मजी, वेगळ्या असतील तर विषमयुग्मजी. शाळेचा एवढा भाग इथे पुरतो.

आता हे तुमच्या भावाच्या रिपोर्टवर लावून बघू. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा प्रत्येकी दोन साखळ्या असतात. बीटा साखळी बनवणारं जनुक ११ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. ही साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलीन आलं की होणाऱ्या हिमोग्लोबिनला 'एस' म्हणतात. डीएनएमध्ये फरक केवळ एका अक्षराचा आहे: जीएजी असायला हवं तिथे जीटीजी. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या दोषाचा आजार आहे. तो दोष नेमका या एका अमिनो आम्लाचा आहे हे पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ च्या सुमारास शोधलं. एका अक्षराचा परिणाम मोठा होतो, कारण एस हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात, आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून हाडांतल्या त्या असह्य वेदना सुरू होतात. या पेशी लवकर फुटतातही. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलच्या रुग्णात १० ते २० दिवस.

दोन्ही प्रती नेहमीच्या असतील तर एए. एक नेहमीची आणि एक एस असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही एस असतील तर एसएस, म्हणजे ग्रस्त. ही अक्षरं म्हणजे जीनोटाइप, माणसाकडे कोणत्या प्रती आहेत त्याची नोंद. माणसात प्रत्यक्ष काय दिसतं, त्रास आहे का, पेशी वाकतात का, हा फीनोटाइप. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

तुमच्या भावाच्या लाल पेशींत दोन्ही हिमोग्लोबिन आहेत, आणि एचपीएलसीच्या आलेखात साधारणपणे ए जास्त, एस ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास दिसतं. एवढं ए असलं की रोजच्या जगण्यात पेशी वाकत नाहीत. म्हणून तो राबू शकतो. त्याचं एएस पुढे एसएस होणार नाही, वय वाढलं तरी नाही, आजारी पडला तरी नाही. आईच्या पोटात ज्या प्रती मिळाल्या त्या जन्मभर त्याच राहतात. वाहकाला सिकलसेलचं औषध लागत नाही. एएस असलेल्या व्यक्तीचं हिमोग्लोबिन कमी आलं तर बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता असते, आणि ती वेगळी शोधून तिच्यावर उपचार करावे लागतात. 'सिकल आहे म्हणून रक्त कमी' असं म्हणून वाहक बाईचा साधा पांडुरोग वर्षानुवर्षं तसाच राहिलेला मी पाहिलाय, आणि दर वेळी वाईट वाटतं. शरीरातलं पाणी फार कमी होऊन अतिश्रम झाले किंवा लघवीतून रक्त आलं, तर मात्र वाहकाने डॉक्टरांना आपण एएस असल्याचं सांगावं.

आता प्रभावी-अप्रभावी. पुस्तकात हे शब्द ॲलीलला कायमचे चिकटवल्यासारखे येतात, म्हणून गोंधळ होतो. खरं तर आपण कोणतं लक्षण बघतोय त्यावर ते ठरतं. आजार हे लक्षण धरलं तर एस अप्रभावी आहे, कारण एक प्रत असताना आजार नसतो, दोन लागतात. शिबिरांत होणारी सोल्युबिलिटी टेस्ट (रक्तात एस आहे की नाही एवढंच सांगणारी झटपट तपासणी) धरली तर तोच एस प्रभावी वागतो: एक प्रत असो वा दोन, टेस्ट पॉझिटिव्हच येते. आणि एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) बघितलं तर ए आणि एस दोन्ही आपापल्या जागी दिसतात, कुणी कुणाला झाकत नाही. याला सहप्रभाविता म्हणतात. एकच जनुक, एकच माणूस, आणि तिन्ही विधानं खरी. यातून व्यवहाराची गोष्ट अशी निघते की नुसत्या 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' कागदावरून एएस आणि एसएस यांतला फरक कळतच नाही. तशा कागदावर कुणाला पेशंट ठरवू नका आणि कुणाला निर्धास्तही करू नका.

सहप्रभावितेचं रोजच्या ओळखीचं उदाहरण रक्तगटाचं. ए आणि बी दोन्ही ॲलील मिळालेल्याचा गट एबी येतो, ओ मात्र दोघांपुढे अप्रभावी. दिसणं आणि असणं किती वेगळं असू शकतं याचं उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच सापडलं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असे लोक नोंदवले ज्यांचं रक्त साध्या तपासणीत ओ वाटे, पण ओ गटाचं रक्तही त्यांच्या रक्ताशी जुळत नसे. या लोकांत ए किंवा बीचं जनुक असू शकतं, पण ते लाल पेशींवरच्या ज्या एच नावाच्या पदार्थावर काम करतं तो पदार्थ बनवणाऱ्या दुसऱ्याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. म्हणून ते ए किंवा बी दिसतच नाही, पण पुढच्या पिढीत पुन्हा दिसू शकतं. हाच तो बॉम्बे ब्लड ग्रुप. आईवडिलांचे आणि मुलाचे रक्तगट 'जुळत नाहीत' म्हणून एखाद्या बाईवर संशय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

तुमचा दुसरा प्रश्न: घरात कुणी पेशंट नाही, मग आलं कुठून? आलं आई किंवा वडिलांकडूनच. फार तर दोघांकडे असेल, पण भावाला एकाकडूनच मिळालं. ज्यांच्याकडून आलं तेही वाहक, म्हणून निरोगी. वाहकाचं लग्न एए व्यक्तीशी होत राहिलं तर प्रत्येक मुलाला एस मिळण्याची शक्यता निम्मी, आजार मात्र कुणालाच नाही. अशा रीतीने एस पाच-सहा पिढ्या निमूटपणे चालत येतो. एखाद्या पिढीत तो दुसऱ्या एसला भेटतो आणि घरात पहिलं आजारी मूल जन्मतं. तेव्हा लोक म्हणतात, 'आमच्यात कधीच नव्हतं.' होतं, दिसत नव्हतं.

आत्या आणि मामा यांच्या वादात तथ्य नाही, कारण यात कुणाचा दोष नाही. हे ॲलील आपल्याकडे एवढं टिकलं त्यामागे मलेरिया आहे. वाहकाला मलेरियाच्या फाल्सिपेरम परजीवीमुळे होणाऱ्या गंभीर आजारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. जंगलपट्ट्यात, जिथे लहान मुलं मलेरियाने जात, तिथे एएस मुलं जास्त संख्येने वाचली आणि त्यांनी ते पुढे दिलं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यांत ते आज भेटतं ते यामुळेच. ते फक्त आदिवासींत असतं हा समज चुकीचा आहे. विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही वाहक आहेत.

आता जोडीचं गणित. एएस आणि एए अशी जोडी असेल तर प्रत्येक मूल एए किंवा एएस, शक्यता निम्मी-निम्मी, आजार नाही. अशा जोडीने काहीही मनात न आणता लग्न करावं. एसएस आणि एए असतील तर सगळी मुलं वाहक, आजारी एकही नाही. एएस आणि एसएस असतील तर निम्मी शक्यता वाहक मुलाची, निम्मी ग्रस्त मुलाची. एएस आणि एएस असतील तर प्रत्येक गर्भधारणेत एए ची शक्यता २५ टक्के, एएस ची ५०, एसएस ची २५.

'प्रत्येक गर्भधारणेत' या शब्दांवर जरा थांबा. चारांपैकी एक याचा अर्थ लोक असा घेतात की पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली, किंवा पहिली दोन चांगली झाली म्हणजे संकट टळलं. तसं नाही. दर वेळी नाणं नव्याने उडतं, आधी काय पडलं याचा त्याला पत्ता नसतो. दोन वाहकांना चार मुलं झाली तर चारांपैकी एकही ग्रस्त नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, म्हणजे अशा जोड्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जोड्यांना आपण वाहक आहोत हे कळतही नाही. उलट दोनच मुलं होऊ दिली तर त्यांतलं निदान एक ग्रस्त असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. २५ टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण अंगदुखीने रात्रभर किंचाळणारं मूल मांडीवर घेऊन बसलेली आई ज्याने पाहिलीय, त्याला तो लहान वाटत नाही.

नात्यातल्या लग्नाचा मुद्दा तुमच्या बाबतीत खरोखर महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करताना कुळ वेगळं, देवक वेगळं, मग अडचण कसली, असं म्हणतात. पण कुळ आणि गोत्र वडिलांच्या बाजूने मोजतात, जनुकं दोन्ही बाजूंनी येतात. तुमचा भाऊ आणि ती मुलगी यांचे एक आजी-आजोबा सामाईक आहेत, आणि अशा भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकीय वारसा सामाईक असतो. समजा एस तुमच्या आईकडून आला. मग तो तिच्या आईवडिलांपैकी एकाकडे होता, मामाकडे असण्याची शक्यता १/२, मामाच्या मुलीकडे असण्याची १/४. मुलीची तपासणी न करता पुढे गेलात तर प्रत्येक मुलाचा धोका १/४ गुणिले १/४, म्हणजे १/१६. मामीकडूनही एस येण्याची शक्यता वेगळी, ती धरली तर धोका आणखी वाढतो. एस वडिलांकडून आला असेल तर मुलीचा धोका त्या समाजात एरवी जेवढा असतो तेवढाच. मुलीची एक तपासणी या सगळ्या अपूर्णांकांना बाजूला सारते. ती एए निघाली तर सिकलसेलचा धोका जवळपास संपतो, एएस निघाली तर १/४ होतो. मधलं काही उरत नाही. सिकलसेल सोडूनही सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात जन्मजात विकारांचा धोका एरवीपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, हेही घरात सांगा. त्याने घाबरून जाऊ नये, पण ठाऊक असावं.

तपासणी कोणती, हे नीट वाचा, कारण चुका इथेच होतात. मुलीची फक्त सोल्युबिलिटी टेस्ट करून 'निगेटिव्ह' ऐकून परत येऊ नका. ती टेस्ट एस दाखवते, बीटा थॅलेसेमियाचं (बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक विकाराचं) वाहकत्व दाखवत नाही. आणि वडिलांकडून एस व आईकडून बीटा थॅलेसेमियाचं ॲलील आलेलं मूलही आजारी असतं, काही वेळा एसएसइतकंच. म्हणून एचपीएलसी आणि सोबत संपूर्ण रक्तगणना (सीबीसी) करा. थॅलेसेमियाच्या वाहकात ए२ हिमोग्लोबिन (एरवी रक्तात थोडंच असणारा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर जातं, पण लोह फार कमी असेल तर ते खाली दिसू शकतं, म्हणून दोन्ही कागद एकत्र वाचायचे. गेल्या तीन महिन्यांत तिला रक्त दिलं गेलं असेल तर ते आधी सांगा, कारण दात्याच्या रक्तामुळे आलेख फसवा येतो. भावाचीही एचपीएलसी करून 'एएस' पक्कं करून घ्या. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली होती. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात आधी विचारा.

सासरची माणसं आजारी मुलाचा ठपका सुनेवर ठेवतात, त्याबद्दलही लिहायला हवं. एसएस मुलाला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेला असतो, नेहमीच. मुलगा-मुलगी असाही भेद यात नाही, कारण ११ वं गुणसूत्र दोघांतही जोडीनेच असतं. हा भेद हिमोफिलियासारख्या (रक्त नीट न गोठण्याच्या) आजारात येतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलग्याकडे एक्स एकच. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी. बाप हिमोफिलियाचा असेल तर त्याच्या सगळ्या मुली वाहक होतात आणि मुलग्यांना त्याच्याकडून आजार मिळत नाही, कारण मुलग्याला तो वाय देतो. हंटिंग्टनसारखा (मेंदूचा) प्रभावी आजार एका प्रतीनेच होतो आणि बहुधा प्रत्येक पिढीत दिसतो. मधुमेह, रक्तदाब, उंची यांना हे गणित लावू नका. तिथे पुष्कळ जनुकं आणि राहणीमान एकत्र काम करतात.

मुलीकडच्यांना सांगायचं का? हो, आणि ठरलेल्या मुलीला स्वतःला सांगायचं, फक्त मामांना नाही. गर्भ तिच्या पोटात वाढणार आहे. सांगताना 'आमच्या मुलात दोष निघाला' असं म्हणू नका. तो वाहक आहे, म्हणून तुझी एक तपासणी करू, एवढं पुरे.

ती एए आणि थॅलेसेमियामुक्त निघाली तर पुढचा विचार थांबवा. तीही एएस निघाली तर निर्णय त्या दोघांचा. काही जोड्या तिथेच थांबतात, आणि माझ्या मते लग्नाआधी थांबणं हे नंतरच्या दुःखापेक्षा सोपं असतं. ज्यांना एकत्रच राहायचं आहे त्यांच्यासाठी गर्भाची तपासणी आहे: साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात ही तपासणी करता येते. लिंग सांगणं मात्र गुन्हा आहे. गर्भ राहिला की आठवडाही न दवडता केंद्र गाठायचं, कारण सगळं वेळेवर अवलंबून आहे. आणि एसएस मूल झालंच तर ते टाकून देण्यासारखं आयुष्य नाही, हेही तितक्याच जोराने सांगते. जन्मताच निदान, पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आणि नियमित तपासणी मिळाली तर ही मुलं शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत गर्भावस्थेतलं एफ हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं, त्याचा फायदा मिळतो. पण विदर्भात तीव्र आजाराची मुलंही भरपूर आहेत, तेव्हा सौम्यच असेल असं धरून चालू नका.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. भाऊ एएस आहे म्हणजे आईवडिलांपैकी निदान एक वाहक आहे, आणि तुम्ही स्वतः वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. आईवडील दोघेही वाहक निघाले तर तुमच्यासारख्या निरोगी बहिणीची शक्यता दोन तृतीयांश होते. तुम्हाला मुलं आहेत की व्हायची आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. भावाला घेऊन जाल त्याच दिवशी तुमचं आणि तुमच्या यजमानांचंही रक्त द्या. दिवस गेलेले असतील तर भावाच्या लग्नासाठी थांबून राहू नका, याच आठवड्यात जा, आणि येताना भाऊ, ती मुलगी, तुम्ही आणि यजमान अशा चौघांचेही छापील आलेख मागून घ्या, नुसता 'नॉर्मल' असा शिक्का चालणार नाही.